वाचक विचारतात : मोहरीवरचा मावा, फवारणी आणि मधमाश्या

युरोपने मधमाश्यांसाठी काही कीटकनाशकांवर घातलेल्या बंदीची छोटी बातमी गेल्या अंकात दिली होती. तिच्यावर ग्वाल्हेर, मुरार, डबरा आणि मुरैनाकडून बरीच पत्रे आली. कोणी मोहरी लिहितो, कोणी सरसों. कोणाचा मावा, कोणाचा माहू, कोणाचा चेंपा. उत्तरांत आम्ही मोहरी आणि मावा (शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) हेच शब्द ठेवले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

बानमोरकडे आमची १० बिघे सरसों आहे. फुले भरात आहेत आणि शेंड्यांवर माहू दिसायला लागला आहे. शेजारच्या बांधावर पेट्या ठेवलेला मधवाला रोज येऊन सांगतो, फवारू नका. दुकानदाराने थायामेथोक्झाम दिले आणि पंपाला एक ढक्कन टाका म्हणाला. कोणाचे ऐकू? — एक वाचक, लष्कर

आज तरी दोघांचेही ऐकू नका, आधी मोजा. मावा दिसला म्हणजे नुकसान सुरू झाले असे नसते. शेतात तिरपे चालत २० झाडे निवडा. प्रत्येक झाडाच्या मधल्या शेंड्याचा वरचा १० सेंटिमीटर भाग पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि पडलेले किडे मोजा. सरासरी २६ ते २८ भरली तर फवारणीचा विचार करायचा. पंजाबात हीच मर्यादा ५० ते ६० धरतात. मर्यादेखाली फवारले तर औषधाचा खर्च वाचलेल्या उत्पन्नातून निघत नाही. मधमाशीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी हा हिशेब सुटत नाही.

एक चूक हमखास होते. मावा बांधाकडून आत येतो, म्हणून कडेच्या ओळी काळ्या झालेल्या असतात आणि आतले शेत स्वच्छ असते. कडेची चार झाडे पाहून माणूस सगळ्या शेताला पंप लावतो. कडेची १० आणि आतली १० झाडे वेगळी मोजा. मोजताना फुगलेले, तपकिरी, चिकटून बसलेले आणि हलवले तरी न हलणारे मावे दिसतात का तेही पाहा. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते. ते बरेच दिसले, किंवा ठिपक्यांच्या लाल किड्याच्या करड्या, काटेरी अळ्या शेंड्यांवर फिरताना दिसल्या, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. ती फौज फुकटात काम करते, आणि फवारणीत आधी तीच मरते.

आता ढक्कन. थायामेथोक्झाम २५ टक्के या दाणेदार औषधाची मोहरीवरची मात्रा हेक्टरी ५० ते १०० ग्रॅम आहे. ५ बिघ्यांचा हेक्टर धरला तर तुमच्या १० बिघ्यांना जास्तीत जास्त २०० ग्रॅम. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरच्या पंपाला फार तर ३ ग्रॅम. ढक्कनात किती ग्रॅम मावते ते दुकानदारालाही माहीत नसते. त्यात बिघ्याला साडेसहा पंप पाणी लागते तिथे आपण दोन-तीन पंपांत उरकतो आणि ‘पाणी कमी आहे’ म्हणून औषध थोडे जास्त घालतो. एका झाडावर चौपट थर बसतो, दुसरे कोरडे राहते. सोनाराचा छोटा तराजू किंवा घरातला डिजिटल काटा घ्या आणि ३-३ ग्रॅमच्या पुड्या घरीच बांधून न्या.

पण ऐन फुलोऱ्यात हे औषध आमच्या मते नकोच. ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाड ते शोषून घेते आणि अंगभर फिरवते. पानावरचा थर संध्याकाळपर्यंत वाळतो, मात्र मकरंदात आणि परागात उतरलेला अंश दुसऱ्या सकाळी उमललेल्या फुलातही असतो. ‘संध्याकाळी फवारा, माशी वाचेल’ हा सल्ला अंगाला लागून मारणाऱ्या औषधांना बऱ्यापैकी लागू पडतो, याला अर्धाच. स्वस्त म्हणून डायमेथोएट घेतात. तेही आंतरप्रवाही आहे आणि फुलांवर दोन-तीन दिवस माशीला घातक राहते.

मग करायचे काय? मर्यादेखाली असाल तर मावा लागलेले शेंडे हाताने मोडून पिशवीत भरा आणि बाहेर नेऊन पुरा. आठवड्याने पुन्हा एकदा. १० बिघ्यांच्या कडांना दोन माणसांची अर्धी सकाळ पुरते. कडेच्या चार-पाच मीटर पट्ट्यावर ५ टक्के निंबोळी अर्क मारता येतो. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून दोनदा गाळायची, त्यात १०० लिटर पाणी होईल इतकी भर घालायची आणि वरून २०० ग्रॅम साधा साबण विरघळवायचा. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबते आणि माणूस वैतागून पुन्हा दुकानात जातो. अर्क त्याच दिवशी संपवा. थंडीत त्याचा परिणाम सावकाश दिसतो, दोन दिवसांत मावा झडला नाही म्हणून निराश होऊ नका.

आतल्या झाडांवरही मर्यादा ओलांडली असेल तर रासायनिक फवारणी टळत नाही. तेव्हा डब्याच्या लेबलवर मोहरी आणि मावा हे दोन्ही शब्द असलेलेच औषध घ्या, लागण झालेल्या पट्ट्यापुरतेच मारा, आणि दुपारी ४ नंतर. जानेवारीत माशी सकाळी ऊब आल्यावर साधारण १० च्या सुमारास बाहेर पडते, ११ ते २ या वेळात सर्वांत जास्त फिरते आणि ४ नंतर परतायला लागते. ढगाळ दिवशी दुपारीच परत जाते. घड्याळापेक्षा फुलांकडे पाहा. एक मीटर चौकोनातल्या फुलांवर दोन मिनिटांत एकही माशी उतरली नाही, तर वेळ योग्य. फवारणीच्या दोन दिवस आधी मधवाल्याला सांगा. त्याच्या पेट्यांमुळे तुमचा फायदाच होतो. मोहरी स्वतःच्या परागानेही फळते, तरी माश्या असल्या की शेंगा जास्त धरतात आणि एकदम पिकतात.

पुढच्या वर्षासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा. मावा इथे डिसेंबरअखेर येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या ढगाळ, दमट थंडीत फोफावतो. ऑक्टोबरच्या २० ते २५ पर्यंत पेरलेली मोहरी तोवर बरीचशी शेंगांत गेलेली असते. नोव्हेंबरात पेरलेलीची फुले आणि मावा नेमके एकत्र येतात. बहुतेक भांडणे या उशिरा पेरलेल्या शेतांतच होतात.

डब्यावरचा त्रिकोण निळा असेल तर औषध मधमाशीला कमी घातक असे समजायचे का? — एक वाचक, डबरा

अजिबात नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतात, म्हणजे माणसाला आणि गुराढोरांना विषबाधा किती ते सांगतात. थायामेथोक्झामची उंदरातली घातक मात्रा वजनाच्या दर किलोला सुमारे १५६३ मिलिग्रॅम, म्हणून त्रिकोण निळा. मधमाशीची मात्रा पोटात गेली तर साधारण ५ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. मधमाशीचे वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास धरले तर वजनाच्या हिशेबाने हे औषध उंदरापेक्षा तिला सुमारे ३० हजार पट जहाल पडते. हेक्टरी १०० ग्रॅम औषधात २५ ग्रॅम मूळ विष असते, म्हणजे ५०० कोटी माश्यांना पुरेल इतके. सगळे काही माशीपर्यंत पोचत नाही हे खरे, पण मात्रा किती बारीक आहे ते यावरून कळावे. मधमाशीसाठीची सूचना असली तर ती घडीच्या कागदात बारीक अक्षरांत असते. तो कागद पहिल्या दिवशी फेकू नका.

युरोपने बंदी घातली, मग तिथल्या मधमाश्या वाचल्या का? आणि बंदी नेमकी कशावर आहे? — दोन वाचक, मुरार आणि जीवाजीगंज

बंदी ‘कीटकनाशकांवर’ नाही. निओनिकोटिनॉइड गटातल्या इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन औषधांवर आहे. डिसेंबर २०१३ पासून मधमाश्या ज्या पिकांवर जातात त्यांवर बंधन आले, आणि २०१८ च्या अखेरीपासून उघड्या शेतातला सगळाच वापर थांबला. पक्क्या बंदिस्त हरितगृहात त्या वेळी मुभा राहिली. याच गटातल्या थायाक्लोप्रिडची परवानगी २०२० मध्ये नूतनीकरण न होता संपली. अॅसिटामिप्रिड मात्र युरोपीय पातळीवर आजही चालते.

एकाच गटातल्या औषधांना वेगळा न्याय का, असे एका पत्रात विचारले आहे. बंदी घातलेल्या तिघांच्या रेणूत नायट्रो हा भाग असतो, अॅसिटामिप्रिड आणि थायाक्लोप्रिडमध्ये सायनो. माशीच्या शरीरातली विकरे (एन्झाइम) सायनो जातीच्या औषधांना लवकर मोडून टाकतात, त्यामुळे अॅसिटामिप्रिडची घातक मात्रा हजारो पटींनी मोठी निघते. पण यालाही एक पाचर आहे. प्रोपिकोनॅझोलसारखे बुरशीनाशक त्याच पंपात मिसळले तर ती विकरेच बंद पडतात, आणि प्रयोगशाळेत अॅसिटामिप्रिडचे जहालपण शंभर पटींहून जास्त वाढलेले आढळले आहे. करपा आणि मावा एकाच फेरीत उरकणाऱ्यांनी हे कागदावर लिहून पंपाला चिकटवावे.

वादाला धार आली ती २००८ मध्ये. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात मका पेरला गेला, त्या बियाण्याला क्लोथियानिडिन चोळलेले होते. लेप नीट चिकटलेला नव्हता. हवेच्या दाबाने बी ओढणाऱ्या यंत्रांनी त्याची भुकटी उडवली, ती शेजारच्या फुललेल्या झाडांवर बसली आणि मधमाश्यांच्या सुमारे साडेअकरा हजार वसाहतींना बाधा झाली. इथे औषध जितके कारण, तितकाच कच्चा लेप आणि यंत्राची हवा फेकण्याची दिशा. आपल्याकडच्या साध्या सीड ड्रिलमधून अशी धूळ उडत नाही. बियाणे हाताने चोळताना उडते ती माणसाच्या नाकात जाते. फडके आणि हातमोजे घालाच.

बीजप्रक्रियेबाबतचा खरा वाद मरणाचा नाही, भरकटण्याचा आहे. मोहरीला किलोमागे ७ ग्रॅम इमिडाक्लोप्रिड ७० टक्के चोळतात. हेक्टरी ५ किलो बियाण्याला मूळ विष सुमारे साडेचोवीस ग्रॅम पडते, म्हणजे एका फवारणीइतकेच. फरक वेळेचा आहे. ते फुलांच्या दीड-दोन महिने आधी मातीत जाते आणि मकरंदात उतरते ते अब्जात दोन-चार भाग. एक ग्रॅम मकरंदात २ नॅनोग्रॅम विष धरा. कामकरी माशी दिवसाला स्वतःसाठी पाव ग्रॅमभर मकरंद वापरते असे मानले तर अर्धा नॅनोग्रॅम. इमिडाक्लोप्रिडची घातक मात्रा सुमारे ३.७ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे माशी त्या दिवशी मरत नाही. पण रोज थोडे थोडे गेले तर तिला घरची वाट आठवते का? २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक चिपा चिकटवून त्यांना थायामेथोक्झाम पाजले, तर परत न येणाऱ्यांची संख्या वाढली. विरोधकांचे म्हणणे, तुम्ही दिवसभराचा डोस एका घोटात पाजलात. तेही चुकीचे नाही.

पुढची मोठी चाचणी स्वीडनमध्ये झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोथियानिडिन चोळलेल्या मोहरीवर्गीय पिकाजवळ जंगली एकट्या माश्या आणि भुंगेमाश्या घटल्या, पेट्यांतल्या मधमाश्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. २०१७ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरीतल्या शेतांवरचे निकाल आले तेव्हा हंगेरीत पेट्या घटल्या, जर्मनीत उलट बरे दिसले. या गोंधळात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेटीत हजारो माश्या असतात, काही मेल्या तरी राणी भरून काढते. जमिनीत बीळ करून एकटी अंडी घालणारी माशी मेली की तिचे घर संपले. आपल्या मोहरीवरही अशा माश्या येतात, पण त्यांच्या बाजूने तक्रार करणारा मधवाला नसतो.

आता ‘वाचल्या का’. पेट्या मरण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांत व्हॅरोआ ही माशीच्या अंगावर जगणारी गोचीड सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यामुळे बंदीनंतर पेट्या किती वाढल्या असा आकडा दाखवून कोणी वाद जिंकत असेल तर सावध राहावे. दुसरी बाजूही ऐका. बीजप्रक्रिया गेल्यावर ब्रिटनमध्ये मोहरीवर्गीय तेलबियांवर पिसू-भुंगा वाढला, शेतकरी पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांच्या फवारण्यांकडे वळले, आणि एका दशकात त्या पिकाचे क्षेत्र निम्म्याखाली आले. कोरड्या हंगामांचाही त्यात हात होता. फ्रान्सने २०१८ मध्ये अॅसिटामिप्रिडसकट सगळा गट बंद केला. २०२० मध्ये साखरेच्या बीटवर मावा आला, त्याने पिवळेपणाचा विषाणू पसरवला, आणि त्याच वर्षाअखेरीस बीटपुरती सूट द्यावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने बंदी असलेली औषधे चोळलेल्या बियाण्याला अशी सूट देता येत नाही असे ठरवले. फ्रेंच संसदेने अॅसिटामिप्रिड परत आणणारा कायदा केला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संविधान परिषदेने ते कलमच रद्द केले. माव्यासाठी एका देशाचे राजकारण इतके हलते हे आपल्याकडे पटायला जरा वेळ लागेल.

भारतात काय स्थिती आहे? मध्य प्रदेश सरकारला स्वतः बंदी घालता येते का? आणि तुमचे मत काय? — एक वाचिका, थाटीपूर

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. धोका दिसला तर राज्य कलम २७ खाली ६० दिवसांपर्यंत विक्री थांबवू शकते, त्यात आणखी ३० दिवसांची भर पडू शकते, एवढेच. मे २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला होता. डायमेथोएट, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस त्यात होती आणि काहींच्या कारणांत मधमाशीचाही उल्लेख होता. हरकती आल्या, फेरविचार झाला. २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिलवर, शिवाय मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के टप्प्याने बंद. निओनिकोटिनॉइड त्या २७ च्या यादीतही नव्हती. ती आपल्याकडे राजरोस विकली जातात.

आमचे मत असे. एका फटक्यात सगळा गट बंद केला तर मोहरीवाला उद्या डायमेथोएट किंवा पायरेथ्रॉइड उचलेल आणि माशीचे काहीच भले होणार नाही. पण नायट्रो जातीच्या तिन्ही औषधांची फुललेल्या मोहरी, धने आणि कांद्याच्या बियाण्याच्या पिकावर फवारणी बंद व्हायला हरकत घेण्याजोगे कारण आम्हाला दिसत नाही. ही तिन्ही पिके माशीच्या मार्गावरच आहेत. मुरैना-भिंडची मोहरी संपली की पेट्या गुन्याच्या धन्यावर जातात, म्हणजे एका शेतातली चूक दोन जिल्ह्यांना भोगावी लागते. बीजप्रक्रिया सध्या राहू द्यावी, पण लेप न सुटणारा हवा. आणि डब्यावर त्रिकोणाशेजारी मधमाशीचे एक ठळक चिन्ह हवे, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे. याला खर्च शाईचा.

मोहरीच्या मधात विष उतरते का? घरी आणलेला मध पांढरा गोठला आहे. — एक वाचिका, लष्कर

गोठणे हा मोहरीच्या मधाचा स्वभाव आहे. त्यात ग्लुकोज जास्त, म्हणून थंडीत तो तुपासारखा घट्ट होतो. कोमट पाण्यात बरणी ठेवा, गॅसवर थेट नको. अंशाचे म्हणाल तर २०१७ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या १९८ नमुन्यांपैकी तीन-चतुर्थांशांत निओनिकोटिनॉइडचा अंश सापडला होता, बहुतेक सगळ्यांत माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या खूप खाली. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये ते वेगळ्याच कारणाने, त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे.

जैविक औषध माश्यांना सुरक्षित असते ना? — एक वाचक, मुरार

नावावर जाऊ नका. स्पिनोसॅड जिवाणूपासून मिळते, पण ओले असताना माशीला जहाल आहे, वाळल्यावर बरेच सौम्य होते. शेवंतीवर्गीय फुलातून काढलेले पायरेथ्रम अंगाला लागले की माशी मरते. जैविक असो की रासायनिक, उमललेल्या फुलावर आणि माशी फिरत असताना फवारू नये. आणखी एक. पंप धुतलेले पाणी बांधाकडेच्या खड्ड्यात सोडू नका. माश्या पाणी प्यायला तिथेच येतात.

माझ्या ४० मेलिफेरा पेट्या आहेत. एका सकाळी पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा दिसला. विष की रोग, हे कसे ओळखू? आणि शेजारी पुन्हा फवारणार असेल तर पेट्या कशा बंद करू? — एक मधुपालक, मुरैना रस्ता

आधी मोजणी. दोन-तीन पेट्यांपुढे पांढरी चादर अंथरा आणि २४ तासांनी मोजा. पेटीमागे रोज १०० पर्यंत मेलेल्या माश्या नेहमीच्या. २०० ते ४०० हलकी विषबाधा सुचवतात, ५०० ते ९०० मध्यम, हजारावर गेली तर जबर. सड्यात कोण आहे ते बघा. फक्त मोठ्या, पंख झिजलेल्या कामकरी असतील तर त्या बाहेर शेतात मार खाऊन आल्या. कोवळ्या, केसाळ माश्याही असतील तर विषारी पराग पेटीत आला आहे.

जीभ बाहेर आलेली, पंख पसरलेले, जिवंत असलेल्या थरथरत गोल फिरतायत, आणि हे एकाच दिवशी सगळ्या पेट्यांना झाले, तर विषाचा संशय बळकट. चुरगळलेले पंख असतील तर व्हॅरोआ पाहा. सुमारे ३०० माश्या, म्हणजे साधारण १०० मिलीचे भांडे भरून, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही याची खात्री करा. दोन चमचे दळलेली साखर टाका, दोन मिनिटे घोळवा आणि पांढऱ्या ताटात झटका. पडलेल्या गोचिडांना ३ ने भागा. उत्तर ३ च्या वर आले तर उपचार हवेत. माश्या घरट्याच्या कप्प्यात डोके खुपसून मेल्या असतील तर ती उपासमार आहे, विष नाही. दारावर पातळ, तपकिरी ओघळ दिसले तर हगवणीचा रोग. निओनिकोटिनॉइडमध्ये कधी कधी सडा पडतच नाही. बाहेर गेलेल्या परत येत नाहीत आणि पेटी आठवडाभरात रिकामी वाटायला लागते. ही बाधा सर्वांत उशिरा लक्षात येते.

तपासणीसाठी ताज्या मेलेल्या माश्या अर्धा लिटरभर, स्वच्छ कागदात किंवा अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून लगेच डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हात दोन दिवस पडलेल्या माश्यांतून काही निघत नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि जवळच्या शेतांत काय फवारले ते लिहा, रिकाम्या डब्यांचे लेबलसकट फोटो घ्या, आणि जिल्हा कृषी कार्यालयातल्या कीटकनाशक निरीक्षकाला लेखी कळवून पोच घ्या. वाचलेल्या पेट्यांचे दार बोटभर ठेवा, रिकाम्या चौकटी काढून घ्या, साखर आणि पाणी समप्रमाणात करून पाजा. अगदी दुबळ्या दोन वसाहती मधे वर्तमानपत्र घालून एकत्र करा. कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो.

फवारणीची खबर असेल तर उत्तम उपाय हलवणे, पण ३ किलोमीटरच्या पलीकडे. त्याहून जवळ नेलेल्या पेटीतल्या माश्या जुन्या जागी परत येऊन बांधावर घोंगावतात. हलवता येत नसेल तर आदल्या रात्री, सगळ्या आत आल्यावर, दाराला बारीक तारेची जाळी ठोका. फळी नको, ती हवा अडवते. वर एक रिकामी मधकोठी (मधासाठीचा वरचा कप्पा) चढवा म्हणजे गर्दी पसरेल, आतले झाकण किंचित सरकवून तिथेही जाळी लावा, आणि पेटीवर ओले गोणपाट टाका. जानेवारीत आपल्याकडे बंद पेटी एक दिवस सहज निभावते. मार्चच्या उन्हात तीच पेटी दुपारपर्यंत उकडून पोळे ओघळते, म्हणून तेव्हा बंद करायची तर फक्त सकाळपुरती, आणि गोणपाट तासातासाने भिजवून. दुसऱ्या दिवशी जाळी काढण्याआधी शेतात जाऊन पाने कोरडी झाली का ते बोटाने पाहा. धुके असले तर १० पर्यंत ती ओलीच असतात.